चंडोलाच्या अंड्यांची मापं

पहिल्या दिवशी सर मला म्हणाले, "बाई, तुमचं घड्याळ दोन मिनिटं पुढं आहे." मी ते मागं केलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मागं केलंत, पण कुणाच्या घड्याळाकडं बघून?" तिसऱ्या दिवशी मी वैतागून घड्याळ खोलीवरच ठेवून गेले, तर त्यांना वाटलं, ही आता उशिरा यायची सोय करून आली. असा माणूस. सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्या हाताखाली संशोधनाला लागले होते. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की या माणसाच्या हाताखाली राहायचं म्हणजे आयुष्यभर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायचं.

विद्यार्थ्यांनाही ते अहो-जाहो करायचे. त्यात मान वगैरे काही नव्हता. अरे-तुरे केलं की माणूस सलगी करतो आणि सलगी आली की कामात ढिलाई येते, असं त्यांचं मत होतं. ते अक्कलकोटकडचे, घरात कानडी. मराठी अगदी छापील बोलायचे, पण कुणाचं बोलणं पटलं नाही की तोंडातल्या तोंडात "इर्ली, इर्ली" म्हणायचे. म्हणजे असू दे. त्यांचं 'इर्ली' म्हणजे धोक्याची घंटा, कारण त्यानंतर ते हमखास तपासायला जायचे.

ते तपासायचे ती चंडोलाची अंडी. सोलापूरहून मंगळवेढ्याकडं जाताना एक मोठा माळ लागायचा. दगडगोटे, कुसळ, मधूनमधून तरवडाची झुडपं. तिथं डोंबारी चंडोल भुईवरच घरटं करतो. मातीच्या ढेकळाआड वाटीएवढा खळगा, कडेनं बारके खडे मांडलेले, आत दोन किंवा तीन अंडी. सर ती अंडी मोजपट्टीच्या चिमट्यात, म्हणजे कॅलिपरमध्ये, हलकेच धरायचे, लांबी-रुंदी वहीत लिहायचे आणि अंडी जिथल्या तिथं ठेवायचे. वर्षानुवर्षं हेच. पाखरू एकाच जातीचं, माळ एकच, ऊन-वारा एकच, मग एकीचं अंडं मोठं आणि दुसरीचं बारकं का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मला आधी वाटलं, हा काय प्रश्न झाला? घरी बापूंना, म्हणजे माझ्या वडलांना सांगितलं. आमची मेंढरं, मंगळवेढ्याकडं थोडी कोरडवाहू जमीन. बापू म्हणाले, "त्यात काय मापायचं? पोटाला मिळालं की अंडं मोटं, न्हाय मिळालं की बारकं. मेंढीचं बी तसंच हाय की." मी हे सरांना हसत हसत सांगितलं. सर हसले नाहीत. म्हणाले, "तुमच्या वडलांचं बरोबर असू शकतं. मला तसं वाटत नाही. पण असू शकतं." दुसऱ्या कुणाबद्दल त्यांनी एवढं चांगलं बोललेलं मी ऐकलं नाही.

सरांना वाटायचं ते असं: अंड्याचं माप माळाचं नसतं, आईचं असतं. प्रत्येक मादीचं आपलं एक माप ठरलेलं. पाऊस झाला न झाला, ती अंडी एखाद-दुसरं कमी घालेल, पण घालेल ती आपल्याच मापाची. यंदा, पुढच्या वर्षी आणि त्याच्याही पुढच्या वर्षी. हे सिद्ध करायचं तर त्याच माद्यांची अंडी निदान तीन हंगाम मापायला हवीत. वनखात्याची रीतसर परवानगी काढून त्यांनी बऱ्याच माद्यांच्या पायात रंगीत कडी घातली होती. तीन वर्षं लागोपाठ मापं मिळाली की त्यांच्या आयुष्यातलं एकमेव काम पुरं होणार होतं. दुसरं कुठलं काम त्यांनी केलंच नव्हतं.

मापं घेण्याची त्यांची रीत म्हणजे एक यज्ञच. एकानं अंडं तीनदा मापायचं आणि आकडे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी घडी करायची. मग दुसऱ्यानं तीनदा. एक मापत असताना दुसऱ्यानं पाठ करून उभं राहायचं. सरसुद्धा पाठ करून उभे राहायचे, टोपी डोळ्यांवर ओढून. दोघांचे आकडे जुळले तरच वहीत. घरट्याकडं सरळ चालत जायचं नाही, कारण कावळा बघत असतो. एका वाटेनं जायचं, पुढं निघून जायचं आणि वळसा घालून यायचं. परत त्या वाटेनं यायचं नाही, कारण मुंगूस वास काढतं. "कावळा तुमच्याहून हुशार आहे, बाई," ते म्हणायचे. "तो दिसतं त्यावर विश्वास ठेवत नाही."

एवढ्या उठाठेवीनं गावकऱ्यांना संशय आला नसता तरच नवल. पांढरी टोपी, गळ्यात परवानगीचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून अडकवलेला, हातात चकचकीत चिमटा, आणि माणूस कधीच सरळ चालत नाही. आधी गुप्तधनाची आवई उठली. मग एक दिवस पंचायतीतले तिघेजण मोटरसायकलवरून आले.

"काय मोजनी चाललीया?"

"अंड्यांची," सर म्हणाले.

"कुनाच्या?"

"चंडोलाच्या."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. त्यातला वयस्कर होता तो म्हणाला, "सायेब, आमी काय कुक्कुली बाळं न्हाय. सोलरवाल्या कंपनीचं मानूस हाय न्हवं तुमी? किती एकर धरलंय ते सांगा की सरळ."

"एकर नाही हो. मिलिमीटर."

झालं. मिलिमीटर ऐकल्यावर तर त्यांची खात्रीच पटली की हा माणूस फार आतल्या गाठीचा आहे. पुढं महिनाभर त्यातला एकजण बांधावर बसून आमच्यावर पाळत ठेवायचा, आणि सर वहीत लिहायचे, 'बांधावरील मनुष्य, कारण अज्ञात'.

सोलापुरात तर त्याहून वाईट. विजापूर वेशीपाशी एक चाचा अंडी विकायचे. सरांना कोंबडीच्या अंड्यांशी काही देणंघेणं नव्हतं, पण सवय जाते कुठं? डझनभर अंडी घेतली की खिशातून कॅलिपर निघायचा. चाचा पहिल्यांदा म्हणाले, "क्या सर, अंडे को शेरवानी सिलानेकी क्या?" सर मापत राहिले. मग चाचांना वाटलं, हा वजनमापं तपासणारा सरकारी माणूस. दुसऱ्या खेपेपासून त्यांनी निवडून निवडून मोठी अंडी द्यायला सुरुवात केली. आता मोठी अंडी मिळाल्यावर कुणीही खूश होईल. सर घरी येऊन काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला म्हणाले, "हा मला मोठी का देतोय? शिळी असणार." आणि दुकान बदललं. तिसऱ्या दुकानानंतर काकू स्वतःच पिशवी घेऊन जायला लागल्या. काकू मला म्हणाल्या होत्या, "लग्नात माझ्या अंगठीचं माप यांनी चारदा घेतलं गं. मला वाटलं, हौस आहे. पाचव्यांदा सोनाराचं माप तपासलं तेव्हा कळलं, काय पदरात पडलंय ते."

माझ्यावर तर त्यांचा पहिल्यापासून संशय होता. त्याचं कारण मी घरटी फार लवकर शोधायचे. त्यांना सकाळभरात एक मिळायचं, मला सात-आठ. मी मेंढरांमागं वाढलेली. बापूंनी मला लहानपणी सांगून ठेवलं होतं, "उडालेल्या पाकराकडं बघू नगं. बसनाऱ्याकडं बघ." उडणारं पाखरू फसवतं, परत येऊन बसतं तेव्हा ते घरी येतं. सरांना हे पटेना. एकदा मी माळावर पालथी पडून बघत होते, तर पलीकडच्या तरवडाआड पांढरी टोपी. सर लपून माझ्यावर नजर ठेवत होते. मी मुद्दाम दोन तास हलले नाही. त्या उन्हात तेही हलले नाहीत. शेवटी मीच उठले, म्हटलं, म्हातारा भोवळ येऊन पडला तर माझ्या डोक्यावर बसायचा. बापूंना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मास्तर मानूस वाईट न्हाय. पर सावली पडली तर तीबी माजीच हाय का म्हून इचारायचा त्यो."

अशी दोन वर्षं गेली. दोन हंगामांची वही भरली. मापं जुळत होती. लाल कडीवालीची अंडी पहिल्या वर्षी लांबट, दुसऱ्या वर्षीही तेवढीच लांबट. निळीची दोन्ही वर्षं गोलसर, बारकी. सर उघड आनंद दाखवत नव्हते, पण जेवणाच्या वेळी कडक भाकरीचा अर्धा तुकडा न बोलता माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवायला लागले होते. तिसरं वर्ष उरलं होतं. पहिल्या दोन वर्षांच्या माद्या त्याच होत्या, पण त्या किती जगतील याचा भरवसा नव्हता. सगळं त्या एका हंगामावर आलं होतं.

आणि त्याच हंगामात सरांचे गुडघे गेले. माळावर बसलं की उठता येईना. एका सकाळी एसटीत त्यांनी पिशवीतून कॅलिपर काढला, रुमालानं पुसला, माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "यंदा मापं तुम्ही एकट्या घ्या." बस्स, एवढंच. पाठ करून उभं राहणारा दुसरा माणूस नाही, चिठ्ठ्या नाहीत. मी कॅलिपर घेतला. त्या दिवशी मला डबा गेला नाही, इतका आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू, शाळेत-कॉलेजात पहिला नंबर आला तेव्हाही तसा झाला नव्हता.

आता जे सांगायचं ते सांगते.

बापूंचं म्हणणं होतं, अंडी मापून भाकरी मिळायची नाही, तलाठ्याच्या भरतीची परीक्षा दे. मी फॉर्म भरला. सरांना सांगितलं नाही. माझ्याआधीची दोन मुलं अशाच परीक्षांमागं त्यांना सोडून गेली होती आणि तेव्हापासून कुणी नवा पासपोर्ट फोटो काढला तरी ते विचारायचे, "कशाला?" परीक्षेचं केंद्र आलं अकलूजला. त्याच दिवशी सात घरटी मापायची होती. अंडी घालून पुरी झालेली, तारीख वहीत लिहिलेली. मी पहाटेची गाडी पकडून अकलूजला गेले, पेपर दिला आणि परतीच्या एसटीत मांडीवर वही उघडली.

मी काही अडाणी नव्हते. दोन वर्षं अंडी मापलेली. ठोकळेबाज आकडे लिहिले की पकडले जातात, हे मला माहीत होतं. रात्रंदिवस कानावर पडलेलं होतं की निसर्गात दोन अंडी सारखी नसतात. म्हणून मी फार विचार करून लिहिलं. एका घरट्यात तीन अंडी, तर एक लांबट, एक गोलसर, एक मधलं. दुसऱ्यात दोन, तर एक मोठं आणि एक बारकं. सातही घरट्यांत सगळं कसं विविध, अगदी जिवंत. टेंभुर्णीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी पान नजरेखालून घातलं आणि मलाच ते खरं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी ते पान वाचलं. फार वेळ वाचलं. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "या पहिल्या घरट्यात तीन आया दिसतात."

 एका आईची अंडी एका मापाची, हेच सिद्ध करायला आम्ही तीन वर्षं उन्हात भाजत होतो, आणि मी एकेका घरट्यात दोन-तीन आया कोंबल्या होत्या. दुसऱ्या कुणाला खोटं लिहायला सांगितलं असतं तर त्यानं आळसानं तिन्ही अंड्यांना जवळजवळ एकच माप दिलं असतं आणि ते खपून गेलं असतं. ही चूक करायला सरांचीच विद्यार्थिनी लागते. मी म्हणाले, "दुसरीनं येऊन घातली असतील, सर. तसं होतं कधी कधी."

"होतं," सर म्हणाले. "इर्ली." आणि पान उलटलं.

ओरडा नाही, चौकशी नाही. मी चार दिवस वाट बघितली. मधे एक दिवस ते कॉलेजात आले नाहीत, दुसऱ्या दिवशी आले ते तोंड उन्हानं रापलेलं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात म्हणाले, "तुम्ही शोधा, मी मापतो. गुडघे बरे आहेत आता." बरे कुठले? दर घरट्यापाशी बसताना ओठ दाबून कळ सोसत होते. आणि मी काय केलं म्हणाल, तर मी रुसले. हंगामाचा निम्मा भाग मी एकटीनं मापला होता, सात घरटी सोडली तर सगळा चोख, आणि या माणसानं कॅलिपर काढून घेतला. नेहमीचा संशयी स्वभाव, दुसरं काय, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या मनात दुसरंही एक उत्तर होतं, पण त्याला मी वर येऊ दिलं नाही.

तलाठ्याच्या परीक्षेत मी नापास झाले. माझा प्रबंध घरट्यांच्या जागांवर होता, त्याला या मापांची गरज नव्हती. तो पार पडला आणि मला अकलूजच्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर काम मिळालं, पुढं कायम झाले. त्या माळाला पुढच्याच वर्षी कुंपण पडलं आणि सोलरच्या काळ्या पाट्या उभ्या राहिल्या. पंचायतीतल्या त्या तिघांना आता वाटत असणार, आपण तेव्हाच ओळखलं होतं. सरांचा लेख मात्र कुठं छापून आला नाही. आमच्या स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी मी सांगायचे, "आमच्या सरांचा स्वतःच्या आकड्यांवरसुद्धा विश्वास नाही, म्हणून छापलं नाही." सगळे हसायचे. अंड्याच्या शेरवानीचा किस्साही मी खुलवून सांगायचे.

परवाच्या हिवाळ्यात माझ्या वर्गात शेंगदाण्यांची लांबी मापायचं प्रात्यक्षिक होतं. एका मुलीची वही बघितली आणि दोन ओळींतच मला कळलं की हिनं दाणे हातात घेतलेले नाहीत. तिला झापलं. ती रडली. पुढचा तास मला घेता येईना. रविवारी मी सोलापूरची गाडी पकडली.

सर आता जुळे सोलापुरात राहतात, दुसऱ्या मजल्यावर. काकूंनी साखळी लावूनच दार किलकिलं केलं, मला ओळखल्यावर सरांना विचारून मगच उघडलं. सर वाळले होते. समोर पेपर होता, त्यावर लाल पेननं खुणा केलेल्या. मी बसले, पाणी प्यायले आणि लगेच बोलून टाकलं, कारण चहा आला असता तर मी शेंगाचटणीची चौकशी करून परत आले असते.

"सर, तिसऱ्या वर्षीची ती सात घरटी मी बघितलीच नव्हती. अकलूजला परीक्षेला गेले होते. मापं मनानं लिहिली."

"माहीत आहे," सर म्हणाले. "दोन दिवसांनी मी गेलो होतो. सातातली पाच सापडली. मापली."

मला एकदम हलकं वाटलं. पाच तर पाच. "मग सर, तेवढी बदलायची होती ना. लेख का थांबवलात?"

"त्या पाचांची मापं माझ्याकडं आहेत. तुम्ही एकटीनं घेतलेल्या बाकीच्यांची नाहीत."

"बाकीची सगळी खरी आहेत, सर. आईची शपथ."

"असतील," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पण मी लिहिणार काय? ही खरी आहेत, कारण या बाई म्हणतात?"

 त्यांनी माझी सगळी मापं काढून टाकली होती. उरलेल्या त्यांच्या मापांत तिन्ही वर्षं भेटलेल्या माद्या अगदी मोजक्याच राहिल्या, एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. पुढच्या वर्षी करायचं म्हटलं तर माळच उरला नव्हता. लालवालीची अंडी तिसऱ्या वर्षीही लांबटच होती, मी माझ्या हातांनी मापली होती, पण ते आता कुठल्याच कागदावर नव्हतं.

काकूंनी चहा ठेवला आणि आत गेल्या. मी विचारलं, "सर, तेव्हाच मला का विचारलं नाहीत? मी सांगितलं असतं."

सरांनी कपातल्या सायीकडं बघितलं, ती चमच्यानं बाजूला केली.

"म्हणूनच विचारलं नाही. तुम्ही 'सातच खोटी, बाकीची खरी' म्हणाला असतात, बाई. आणि मी मानलं असतं. तुमच्यावर मी तेव्हा डोळे झाकून विश्वास ठेवला असता." मग म्हणाले, "ते कामाच्या आड आलं असतं."

 निघताना ते दारापर्यंत आले, गुडघ्यावर हात ठेवून. स्टँडवर मी अकलूजच्या गाडीत खिडकीशी बसले आणि त्या हंगामातली घरटी एकेक आठवायला लागले. ती सात सोडून मी सत्तेचाळीस घरटी मापली होती. पोटावर पालथी पडून, कुसळं कपड्यांत घुसलेली, प्रत्येक अंडं तीनदा. हे खरं आहे. पण ते खरं आहे म्हणणारी आता या जगात मी एकटीच उरले आहे, आणि मी कशी आहे ते मला माहीत आहे.